वादळ काल

मोहालीच्या विमानतळाबाहेर लख्ख ऊन पडलं होतं आणि मुंबईचं विमान मात्र सुटायचं नाव घेत नव्हतं. मेघनाचा जीव टांगणीला लागला होता. आज दुपारी रत्नागिरीला वादळ धडकणार होतं आणि तिचे वडील, तात्या, तिथे एकटे राहत होते. समुद्राला खेटून घर, आणि हट्टी एवढे की बाहेर काढायला पोलीसच हवेत. चुलतभाऊ श्रीरामने परवा त्यांना कसंबसं टेकडीवर आपल्या घरी नेलं होतं, एवढाच काय तो दिलासा.

तिने तिथे फोन लावला. श्रीरामची बायको शालिनी रडकुंडीला आली होती.

"ताई, तात्या सकाळीच घरी गेले हो! हे ड्यूटीवर, लाइट नाही, टीव्ही बंद. माझं काही ऐकेनात. म्हणाले, नातीने सांगितलंय, वादळ बाहेरच्या बाहेर गेलं."

नात म्हणजे साक्षी, मेघनाची मुलगी. चंदीगडात वाढलेली, मराठी सगळं कळणारी आणि उत्तर हिंदीत देणारी. आजोबांशी तरी मराठीत बोल, म्हणून मेघना कायम तिच्या मागे लागायची. तिने घरी फोन केला.

"साक्षी, आजोबांना काय सांगितलंस?"

"शाम को उनका फोन आया था. वादळाचं काय, पूछ रहे थे. मैंने मराठी में बोला, मम्मा, पक्का! 'आजोबा, वादळ काल.'"

मेघनाला उलगडा झाला. हिंदीतल्या 'कल'ला पोरीने काना देऊन मराठी केलं होतं. उद्याचं वादळ कालचं झालं आणि म्हातारा पिशवी उचलून निघाला. आता रागवायचं तरी कुणावर?

बऱ्याच खटपटीनंतर तात्यांचा फोन लागला. मागे पत्रे थडथडत होते.

"माळ्यावर बसलोय. खाली कमरेएवढं पाणी आहे."

"तात्या, साक्षीला उद्या म्हणायचं होतं हो!"

"आलं लक्षात, पाणी शिरलं तेव्हा. तिला यातलं काही सांगू नकोस. पहिल्यांदाच मराठीत बोलली गं माझ्याशी."

फोन तुटला. पाठोपाठ विमानही रद्द झालं. मेघना टॅक्सीत होती तेव्हा श्रीरामचा फोन आला. घर पडलं होतं, आणि तात्या त्यातच होते.

साक्षीने दारातच विचारलं, "आजोबा बरे आहेत ना?" चक्क मराठीत.

मेघनाच्या तोंडून मराठीचा एक शब्द फुटेना.

"अंदर चल, बेटा," ती म्हणाली.