आधी वाक्य, मग अर्थ

आमच्या शब्दकोश कचेरीत एकच नियम आहे: आधी वाक्य, मग अर्थ. कुणी नुसता शब्द विचारला तर म्हणायचं, वाक्य सांगा. नव्या माणसाकडून हा नियम मीच घोकून घेतो आणि चुकला तर सगळ्यांदेखत त्याची खरडपट्टी काढतो.

सोमवारी जेवताना फोन आला. दगडखाणीचा कारकून होता.

"इंग्रजीतल्या अबिसला मराठीत काय म्हणतात हो? साहेबांनी अहवालात लिहिलंय."

तोंडात घास होता. म्हणालो, "अथांग खड्डा. गर्ता. दुःखालाही म्हणतात, दोन माणसांतल्या दुराव्यालाही."

"खड्डाच बरा," म्हणून त्याने फोन ठेवला.

त्या आठवड्यात चहाच्या मावशी कामावर नव्हत्या. चहा नाही म्हणून मी कुरकुर केली, पण त्या का येत नाहीत हे विचारलं नाही. गुरुवारी त्या आल्या आणि माझ्यापुढे एक कागद ठेवला. त्यांचा धाकटा भाऊ त्याच दगडखाणीत यंत्र चालवायचा. सहा दिवसांपूर्वी कड खचली आणि तो यंत्रासकट पाणी भरलेल्या जुन्या खड्ड्यात गेला.

"वाचून दाखवा, दादा."

'सदर खड्डा अथांग असल्याने शोधकार्य थांबवण्यात येत आहे.'

माझाच शब्द. तळपायाची आग मस्तकात गेली. खोली मोजली असती तर आकडा लिहिला असता. यांना मोजायचा कंटाळा, म्हणून शब्द हवा होता आणि तो मी जेवता जेवता पुरवला होता.

"अथांग कसला?" मावशी म्हणाल्या. "माझे वडील तिथे सुरुंग लावायचे. तळ त्यांनी पाहिलाय. दोर घ्या."

खाणीवर अहवाल लिहिणाऱ्या इंजिनिअरने हात झटकले. "बाई, त्याला तळच नाही."

"मोजलात?" मी विचारलं.

"दिसतंय की."

"मग तो अहवाल चुलीत घाला."

मावशींनी दोराला दगड बांधला. दोन्ही हात पसरले की एक वाव, असं मोजत दोर सोडत गेल्या. अकरा वाव झाले आणि दोर सैल पडला.

"हा घ्या तळ," त्या म्हणाल्या.

इंजिनिअर जायला वळला. मी इतका ओरडलो की कामगार गोळा झाले, आणि ते गोळा झाले म्हणूनच त्याने पाणबुडे बोलावले. दुसऱ्या दिवशी दुपारी भावाला वर काढलं. मावशींनी त्याच्या केसांतला गाळ बोटांनी काढला.

परतताना माझा राग उतरत नव्हता. "एकेकाला सोडणार नाही मी," म्हणालो.



"दादा, कारकून सांगत होता, शब्द आपल्या कचेरीतून आला. फोन तुम्ही घेतला होता?"

"हो."

"नऊ वर्षं चहा देताना ऐकतेय मी, आधी वाक्य, मग अर्थ. मग त्या दिवशी वाक्य का नाही विचारलंत?"