देवामागचा लाल दिवा

या, अशा जवळ सरका. मागे बसलात तर ऐकू येणार नाही, आणि ऐकू न येण्याचीच तर ही गोष्ट आहे. एका भल्या गृहस्थांची आणि त्यांच्या गाडीची. हसू आलं तर खुशाल हसा. ज्यांची गोष्ट आहे ते सांगताना सगळ्यांच्या आधी स्वतःच हसतात.

या गृहस्थांचा धंदा कानांचा. भर बाजारात, चष्म्याच्या दुकानाला लागून त्यांचं बारीकसं दुकान. आत काचेची एक खोली. गिऱ्हाईक तिच्यात बसवायचं, त्याच्या कानांवर हेडफोन चढवायचा, बारीक बारीक शिट्ट्या वाजवायच्या आणि विचारायचं, "आता ऐकू येतंय?" असं विचारता विचारता त्यांची पन्नाशी उलटली. सगळे त्यांना कानवाले म्हणत. घरात मात्र थोरली बहीण, अक्का, त्यांना बाळ म्हणे. डोक्यावर केस उरले नव्हते, तरी बाळच.

गाडी मुळात दाजींची, म्हणजे अक्काच्या नवऱ्याची. तिला एक खोड होती. किल्ली फिरवून बंद केली की इंजिन गप्प व्हायचं, आणि आता झोपलं म्हणेस्तोवर 'हुक्' करून एक उचकी द्यायचं. दाजी संध्याकाळी घरासमोर गाडी लावायचे, उचकी आली की काच खाली करून ओरडायचे, "कोण गं माझी आठवण काढतंय?" वरच्या खिडकीतून अक्का म्हणायची, "मला काय दुसरा उद्योग नाही?" म्हणायची असं, पण चहाचं आधण तोवर चढलेलं असायचं.

दाजी देवाघरी गेले आणि अक्काने घराबाहेर पडणंच सोडलं. नाही म्हणायला पुढे रविवारचं कीर्तन तेवढं पुन्हा सुरू झालं. सभागृहात तिसऱ्या रांगेत बसून ती बुवांच्या मागे मोकळ्या गळ्याने गायची. आठवडाभर न बोललेलं सगळं तिथे गाऊन टाकायची. पण जायची ती याच गाडीने. एकदा कानवाल्यांनी टॅक्सी बोलावली, तर बाईंनी दारात चपला काढल्या आणि पुन्हा आत जाऊन बसल्या. तेव्हापासून कानवाल्यांनी मनाशी गाठ मारून ठेवली होती: गाडी चालू आहे तोवर अक्का चालू आहे.

आता एवढं कळलेल्या माणसाने गाडीला किती जपावं? कानवाल्यांनी जपलं हो, आपल्या परीने जपलं. सकाळी गाडी सुरू केली की बॉनेटखालून चिर्र चिर्र असा आवाज यायला लागला. इंजिनाबाहेरचा बेल्ट घसरत होता. दुसरा कोणी गॅरेज गाठता. कानवाल्यांना मात्र गाडीत लावलेल्या कीर्तनात त्या चिरचिरीचा व्यत्यय यायचा, म्हणून त्यांनी न्हाणीघरातली साबणाची वडी आणून बेल्टवर चोळली. आवाज बंद. त्यांना इतका आनंद झाला की दर शनिवारी बेल्टला साबण लावायचा नेमच धरला.

दुसरं जपणं त्याहून थोर. समोरच्या काचेआड, जिथे वेगाचा काटा असतो, तिथे दार उघडं असल्याचा एक दिवा दार लावलेलं असूनही सारखा पेटलेला असायचा. डोळ्यांना खुपायचा. कानवाल्यांनी त्याच्यावर देवाचं छोटं चित्र चिकटवलं. चित्र जरा मोठं निघालं, शेजारचे दोन-तीन धोक्याचे दिवेही त्याखाली गेले. "देवाने झाकले म्हणजे बघायची गरज नाही," असं ते अक्काला म्हणाले. ऐकणाऱ्या देवालाही त्या वेळी डोक्याला हात लावावासा वाटला असेल.

मग तो रविवार उजाडला. गाडी चढाला लागली होती. आत कीर्तनाचं रेकॉर्डिंग रंगात आलेलं. अक्का डोळे मिटून मान डोलावत होती. आणि एकाएकी देवाच्या चित्राभोवती लालसर तेज पसरलं.

कानवाल्यांच्या अंगावर सर्रकन काटा आला. "अक्का," ते कापऱ्या आवाजात म्हणाले, "डोळे उघड. बघ, बघ."

अक्का डोळे न उघडता म्हणाली, "बाळ, काहीतरी फडफडतंय."

"टाळ्या आहेत गं त्या. कीर्तनातल्या."

"इतक्या बेताल?"

"श्रोते आहेत, चुकायचेच."

स्टिअरिंग जड झालं. कानवाल्यांना वाटलं, साक्षात कोणीतरी आपला हात धरलाय. त्यांनी दुसरा हात छातीवर नेला, एवढ्यात पुढून खडाक् असा आवाज झाला आणि इंजिन मेलं. गाडी कशीबशी कडेला लागली. रेकॉर्डिंग तेवढं चालू होतं, बुवा विचारत होते, "अरे, जागा कधी होणार?"

इथेही माणसाने थांबावं की नाही? कानवाल्यांनी देवाचं नाव घेऊन किल्ली फिरवली. भुर्रर्र. दोर तुटल्यावर विहिरीचा रहाट फिरावा तसं इंजिन हलकंच फिरलं, पण पेटेना. पुन्हा नाव घेतलं, पुन्हा किल्ली. श्रद्धा दांडगी, त्यामुळे किल्लीही दांडगी फिरली. शेवटी अक्कानेच त्यांच्या मनगटावर हात ठेवला.

गॅरेजचे मिस्त्री कानवाल्यांचेच गिऱ्हाईक. हातोड्यांच्या आवाजात कान गेलेले, म्हणून कानवाल्यांनीच यंत्र बसवून दिलेलं. गाडी ओढत आणली तेव्हा मिस्त्रींनी आधी ते यंत्र काढून खिशात टाकलं.

"अहो, ते काढलंत कशाला?" कानवाल्यांनी विचारलं.

मिस्त्री ओठ वाचण्यात पटाईत. "तुम्ही सगळं पहिल्यापासून सांगायला लागाल," ते म्हणाले, "आणि मला इंजिन हाताने कळतं."

त्यांनी बॉनेट उघडलं, पुढचं झाकण सोडवलं आणि आतून काळ्या बेल्टची एक लांबच लांब चिंधी ओढून काढली. ती नाकाशी नेली. पुन्हा हुंगली. मग खिशातून यंत्र काढून कानात बसवलं.

"हे मात्र ऐकायलाच हवं. काय चोपडलंत याला?"

"साबण."

"कसला?"

"अंगाचा," कानवाले जमिनीकडे बघत म्हणाले. "सुवासिक."

"मागे मी माझं यंत्र साबणाने धुऊन तुमच्याकडे आणलं होतं. आठवतंय, दुकानभर माणसांसमोर मला काय म्हणालात?"

आठवत होतं. 'अहो मिस्त्री, यंत्र आहे ते, तान्हं बाळ नाही न्हाऊ घालायला.' सगळं दुकान हसलं होतं.

"मग आता मी काय म्हणू?"

"तेच म्हणा," कानवाले म्हणाले. "माझंच वाक्य आहे. चांगलं आहे. वाया गेलं होतं."

मिस्त्री हसले, पण चिंधी हातात धरून गंभीर झाले. बाहेरचा बेल्ट उसवला म्हणून देवामागचा लाल दिवा लागला होता आणि स्टिअरिंग जड झालं होतं; मग त्याची चिंधी झाकणाच्या फटीतून आत शिरली होती आणि तिने आतला बेल्ट जागेवरून उतरवला होता. "या आतल्या बेल्टच्या तालावर इंजिन गातं म्हणा ना. पिस्टन वर येतो तेव्हा व्हॉल्व्हने बाजूला व्हायचं. ताल चुकला की दोघांची टक्कर. व्हॉल्व्ह वाकलेच. बरं, बंद पडल्यावर स्टार्टर मारलात?"

"नामस्मरण चालू होतं, त्याबरोबर जरा..."

"म्हणजे जितक्या वेळा नाव घेतलंत तितक्या वेळा टोले हाणलेत." मिस्त्रींनी हात पुसले. "ऐका माझं. हे खोलण्यात अर्थ नाही. आत पिस्टनसुद्धा फुटलेले असणार, शर्त लावतो. दुसरं इंजिन बसवू. वापरलेलं आहे, पण ठणठणीत."

"दुसरं नको."

अक्का कोपऱ्यातल्या लाकडी बाकावर बसली होती. आल्यापासूनचं तिचं हे पहिलंच बोलणं.

"अहो ताई, गाडी तीच राहणार. फक्त आतलं इंजिन..."

"नवरा तोच, फक्त आवाज दुसरा. चालेल तुमच्या बायकोला?"

अक्काने पदर सारखा केला आणि हळूच म्हणाली, "जमत नसेल तर राहू द्या. मला तरी कुठे जायचंय."

कानवाल्यांनी चमकून तिच्याकडे पाहिलं. हेच वाक्य ती दाजी गेले तेव्हा बोलली होती, आणि मग सबंध हिवाळा तिच्या खोलीचं दार जेवणापुरतं उघडत होतं. गाडीला साबण आपण लावला, दिवे आपण झाकले, आणि आता दार लागणार ते हिचं.

"खोला," ते म्हणाले. "हेच खोला. फुटलेलं निघालं तर निघालं."

"वेळ फुकट जाईल."

"जाऊ द्या. मी देवाचा वेळ फुकट घालवलाच आहे, त्यात तुमचा थोडा."

इंजिनाचं हेड, म्हणजे माथ्याचा भाग, उचलायच्या दिवशी कानवाले दुकान बंद करून हजर झाले. दोघा-तिघांनी मिळून हेड उचलून टेबलावर उलटं ठेवलं. गर्दीत मागून डोकावणाऱ्या माणसांच्या माना असतात तसे व्हॉल्व्ह वाकडे झालेले. मिस्त्रींनी बॅटरी लावून पिस्टन न्याहाळले, तेल पुसून पुन्हा न्याहाळले, वरून नख फिरवून पाहिलं. कानवाले त्यांच्या खांद्यावरून डोकावत होते. देवाला काही मागायचीही त्यांना लाज वाटत होती. कुठल्या तोंडाने मागणार?

प्रत्येक पिस्टनच्या माथ्यावर नखाएवढी चंद्रकोर उमटली होती. तडा एकालाही नव्हता.

"तुमचा देव भलताच सोशिक आहे," मिस्त्री म्हणाले.

"म्हणजे?"

"म्हणजे माझं चुकलं. नीट ऐकलंत ना? पुन्हा म्हणणार नाही."

मिस्त्रींनी मग मन लावून काम केलं. नवे व्हॉल्व्ह घासून बसवले, आतला-बाहेरचा असे दोन्ही बेल्ट नवे घातले, खुणेला खूण जुळवली, इंजिन हाताने फिरवून कुठे अडत नाही ना हे तपासलं. गाडी तयार झाल्याचा निरोप आला तेव्हा कानवाले अक्काला चालतच घेऊन गेले.

किल्ली फिरली आणि इंजिन एका दमात सुरू झालं. तीच जुनी घरघर, तोच खर्ज. अक्काने डोळे मिटले. कानवाल्यांना कधी नव्हे ते स्वतःच्या कानांवर प्रेम आलं.

मग मिस्त्रींनी किल्ली उलटी फिरवली. इंजिन थांबलं. सगळं शांत.

शांतच राहिलं.

"पाहिलंत?" मिस्त्रींची छाती फुगली होती. "कसं लोण्यासारखं बंद झालं. ती उचकी द्यायची ना, इंजिनाखालचं रबर दबलं होतं म्हणून. नवं टाकलंय. माझ्याकडून भेट."

"छान झालं हो," अक्का म्हणाली.

ज्या माणसाला बेल्टची फडफड टाळ्यांसारखी वाटली होती, त्याला त्या 'छान'मध्ये दाराची कडी सरकल्याचा आवाज अगदी स्वच्छ ऐकू आला.

"मिस्त्री," कानवाले म्हणाले, "जुनं रबर कुठे आहे?"

"भंगारात. का?"

"परत बसवा."

मिस्त्रींनी यंत्र कानातून काढलं, फुंकर मारली, परत घातलं. "काय म्हणालात?"

"जुनं परत बसवा. गाडीला काही होईल का?"

"गाडीला काय होणार? हादरे बसतील ते तुम्हाला."

"ते मला बसायलाच हवेत."

मिस्त्रींची नजर त्यांच्याकडून अक्काकडे गेली, आणि ते भंगाराच्या पिंपात वाकले. "नवं काढून जुनं बसवायची पाळी आजवर आली नव्हती," गाडीखालून त्यांची पुटपुट चालू होती. "गिऱ्हाईक असावं तर असं."

पुन्हा गाडी सुरू झाली. पुन्हा किल्ली उलटी फिरली. इंजिन गप्प झालं. अक्काने बाकाची कड घट्ट धरली.

हुक्.

अक्का उठली, पदराने नाक पुसलं आणि रिकाम्या गाडीकडे बघत फणकाऱ्याने म्हणाली, "मला काय दुसरा उद्योग नाही?" आणि दार उघडून आपल्या जागेवर जाऊन बसली. "बाळ, चल. आणि देवाला तिथून उठव बाई आधी. त्याला दिव्यांसमोर बसवतात, दिव्यांवर नाही."

आता देव वरच्या बाजूला, आरशापाशी असतात. दार उघडं असल्याचा दिवा अजून खोटाच पेटतो, पण कानवाले दर वेळी उतरतात, चारी दारं हलवून बघतात आणि स्वतःला हसत परत बसतात. अक्का रविवारी तिसऱ्या रांगेत गाते.

एवढीच गोष्ट. तुम्ही मन लावून ऐकलीत, तर एक मागणं आहे. आज घरी पोचाल, गाडी लावाल, इंजिन थांबेल, तेव्हा लगेच उतरू नका. क्षणभर दाजींची आठवण काढा. उचकीचा सगळा भार एकट्या अक्कावर नको.