कुकरच्या शिट्टीसकट

रविवारी सकाळी दहाला लागणाऱ्या त्या हिंदी मालिकेची गोष्ट काय होती, ते आता मला विचारू नका. कुणाचं तरी शेत होतं, कुणाचा तरी भाऊ परगावी गेला होता आणि नायिका दर आठवड्याला विहिरीवर उभी राहून रडायची, एवढंच आठवतं. पण तिची सुरुवातीची धून! एक टांगा पुलावरून जायचा, त्यावर एकामागून एक नावं उमटायची आणि मागे बासरी अशी काही वाजायची की भाजी चिरता चिरता माझा हात थांबायचा. मिनिटभराचा मामला. ते मिनिट संपलं की माझ्या लेखी मालिका संपली.

आणि नेमकं तेच मिनिट आमच्या घरात कधी धड ऐकायला मिळालं नाही.

सत्त्याऐंशी सालची गोष्ट. नाशिकरोडच्या आमच्या चाळीत टीव्ही फक्त आमच्याकडे, सरकत्या लाकडी दारांचा, काळापांढरा. आमचे हे, म्हणजे रंगनाथराव, कचेरीत कारकून आणि स्वभावाने भलतेच धोरणी. टीव्हीची ट्यूब झिजते म्हणून दहाला एक मिनिट कमी असल्याशिवाय बटण दाबायचं नाही, हा त्यांचा नियम. बटण दाबलं की हे धावत गच्चीवर, अँटेना फिरवायला. इकडे पडद्यावरचं चित्र वरून खाली पळत असायचं. एवढ्यात दहाला दहा कमी असताना चढवलेला कुकर तीन शिट्ट्या करायचा. मी स्वयंपाकघरातून धावत येऊन टीव्हीच्या डोक्यात दोन थपडा घालायची. चित्र थांबायचं आणि मी ओरडायची, "अहोऽऽ, आलं! आलं!" ती हाक गच्चीवर कधीच पोचत नसे. वरून आवाज यायचा, "दिसतंय का?" मग खिडकीत बसलेली शकू मान बाहेर काढून खणखणीत आवाजात सांगायची, "दिसतंय, काका, दिसतंय!" तोवर टांगा पूल ओलांडून गेलेला असायचा. मी दर रविवारी चिडायची आणि दर रविवारी तेच व्हायचं.

शकू ही मागच्या गल्लीतल्या सहादू बँडवाल्याची मुलगी. आई लहानपणीच गेली, बाप लग्नसराईत गावोगाव. पोर आमच्याच घरात वाढली म्हटलं तरी चालेल. खिडकीची जागा तिची ठरलेली. तिथे दुसरं कुणी बसलं तर हाताला धरून उठवायची.

तिचं लग्न ठरलं सटाण्याला. मुलगा चांगला, एसटीत मेकॅनिक. सासरा पुंजाराम मात्र कडक. कांद्याच्या मार्केटात तोलारी होता आणि पावशेराचा फरक काट्याआधी नजरेला कळतो म्हणून सगळीकडे सांगायचा. त्याने पहिल्याच बैठकीत सुनावलं की बँड आम्ही सटाण्याहून आणू, व्याह्याने फेटा बांधून मांडवात उभं राहायचं, हातात बाजा दिसायला नको.

दुसऱ्यांच्या शेकडो पोरींच्या लग्नात ट्रम्पेट वाजवलेल्या माणसाने स्वतःच्या पोरीच्या लग्नात हात बांधून उभं राहायचं! मला राग आला, पण सहादू खाली मान घालून बसला. बोलली ती शकू. चहाचा ट्रे हातात घेऊन उभी होती, तिथूनच म्हणाली, "बाबा, मला बाकी काही नको. काकूंकडची रविवारची धून तेवढी तुम्ही वाजवा. जशीच्या तशी."

पुंजारामने तिच्याकडे पाहिलं, मग सहादूकडे.

"एकच धून," तो त्याच्या अहिराणीत म्हणाला. "नवरदेव मांडवना दारशी येई तवय. पण आमना घर रंगीत टीव्ही शे, मना कानमा बसेल शे ती. चुकनं तर बाजा खाले ठेवा, पुढे आमना बँड वाजाडी."

म्हणजे भर मांडवात परीक्षाच. नापास झाला तर सगळ्या सोयऱ्यांसमोर सहादूने ट्रम्पेट जमिनीवर ठेवायचं, आणि पोरीची एकुलती एक मागणी अर्धी राहायची.

सहादूला नोटेशन वगैरे काही येत नव्हतं. त्याच्या बँडात सगळं कानावर. लग्नाला सहा रविवार होते. पहिल्याच रविवारी तो क्लॅरिनेटवाला लहानू आणि ढोलवाला बारकू यांना घेऊन आमच्याकडे हजर झाला. भिंतीला टेकून बसला, डोळे मिटले आणि मांडीवर बोटं नाचवायला लागला. आमच्या घरात नेहमीचा गोंधळ झाला. धून संपल्यावर मलाच ओशाळल्यासारखं झालं.

"तुम्हाला ऐकू तरी आलं का काही?" मी विचारलं.

"लय झ्याक आलं वहिनी. तुमचं चालू द्या. आमचं ध्यान हाय."

तिसऱ्या रविवारी मी ठरवलं की पोरीच्या लग्नाचा प्रश्न आहे, एक दिवस घर शांत ठेवायला काय हरकत आहे. यांना नऊलाच गच्चीवर पाठवून अँटेना दोरीने बांधून घेतली. टीव्ही आधीच लावून ठेवला. कुकर चढवलाच नाही. जन्मात पहिल्यांदा ती धून पहिल्यापासून शेवटपर्यंत आमच्या घरात नितळ वाजली. माझे डोळे भरून आले.

सहादूने डोळे उघडले. चेहरा पडलेला.

"आज कुकर नाय लावला?"

"तुमच्यासाठीच नाही लावला!"

"लावा की," तो हळूच म्हणाला. लहानू आणि बारकूनेही माना हलवल्या.

मला वाटलं, बघा, ही मंडळी जेवायच्या आशेने येतात! रागारागात तिघांपुढे पोह्यांच्या बशा आदळल्या. त्यांनी बिचाऱ्यांनी मुकाट खाल्ले. पुढच्या रविवारपासून मी कुकर लावायला लागले आणि हेही पुन्हा गच्चीवरून बोंबलायला लागले. सहादूचा चेहरा खुलला. मी कपाळाला हात लावला आणि मनात म्हटलं, हा माणूस मांडवात तोंडावर पडणार.

लग्नाचा मांडव चाळीमागच्या मैदानात होता. नवरदेव घोड्यावरून दाराशी आला. सटाण्याचा बँड थांबला. पुंजाराम हाताची घडी घालून, काट्याकडे बघावं तसा सहादूकडे बघत उभा राहिला. सहादूने डोक्यावरचा फेटा नीट केला, ट्रम्पेट ओठाला लावलं आणि डोळे मिटले.

सुरुवात अशी सुरेख झाली की माझा जीव भांड्यात पडला. सगळा पूल, सगळा टांगा डोळ्यांपुढे आला. पुंजारामची मानही हलायला लागली.

आणि लहानूच्या क्लॅरिनेटने तीन शिट्ट्या केल्या. सुर्रऽऽ, सुर्रऽऽ, सुर्रऽऽ. हुबेहूब माझा कुकर.

मागून बारकूने ढोलावर दोन थपडा दिल्या. धाप! धाप!

मग सहादूच्या ट्रम्पेटने वर उडी घेतली आणि लांबवून हाक मारली. शब्द नव्हते, पण चाळीतल्या शेंबड्या पोरानेही ओळखलं असतं. "अहोऽऽ, आलं! आलं!" तो माझा आवाज होता. इतका चिरका असतो हे मला त्या दिवशी कळलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

एवढं वाजवून तिघेही एकदम थांबले.

त्या शांततेत, पाण्याच्या पिंपाजवळ पेले मोजत असलेले आमचे हे सवयीने मान वर करून ओरडले, "दिसतंय का?"

आणि मांडवालगतच्या नवरीच्या खोलीतून खणखणीत उत्तर आलं, "दिसतंय, काका, दिसतंय!"

अख्खा मांडव हसला. बायका पदर तोंडाला लावून वाकल्या, घोडासुद्धा दचकला. खोलीतूनही हसणं ऐकू येत होतं. मग ते हसणं अडखळलं, आणि शकू हुंदके देऊन रडायला लागली. सहादूचं ट्रम्पेट ओठालाच होतं, डोळे मिटलेलेच, पण फुंकर निघेना.

पुंजारामने हात वर केला. "थांबा. आमना टीव्हीवर असं नई शे." मग माझ्याकडे वळला. "बाई, तुमना घरनी धून ना ही? तुम्हीच सांगा. बरोबर शे का चूक?"

शंभर डोळे माझ्यावर. मी पदर खोचला.

"पुंजारामभाऊ, आमच्याकडे अशीच लागते," मी म्हटलं. "दर रविवारी. एक शिट्टी कमी नाही, एक जास्त नाही."

एक अक्षर खोटं नव्हतं. पुंजारामने खोलीतल्या हुंदक्यांकडे कान दिला. मग घसा खाकरून सहादूला म्हणाला, "मंग पुरी करा. अर्धं माप मी घेत नई."

सहादूने राहिलेली धून वाजवली. थोडी बेसूर झाली, पण कुणी काही बोललं नाही.

पंगतीत मात्र मी त्याला गाठलंच. "काय हो, कुकर काय, थपडा काय! घरातलं काय आणि टीव्हीवरचं काय, एवढंही कळू नये?"

"कळतं की वहिनी," सहादू म्हणाला. "पण पोरीनं तुमच्या घरची मागितली व्हती. टीव्हीवरची कशाला मागंल? ती सटाण्यालाबी हाय."

मी हातातली सगळी बुंदी त्याच्याच पानात वाढली.

पुढच्या रविवारी दहाला एक मिनिट कमी असताना यांनी बटण दाबलं आणि गच्चीवर गेले. कुकर झाला, थपडा झाल्या, माझी हाकही झाली. वरून आवाज आला, "दिसतंय का?" खिडकीत कुणी नव्हतं. पुन्हा आवाज आला. मग मीच खिडकीशी गेले, मान बाहेर काढली आणि ओरडले, "दिसतंय, दिसतंय!"

मागे टीव्हीवरचं चित्र पुन्हा पळायला लागलं होतं. आणि डोळे इतके भरले होते की मला खरं तर काहीच दिसत नव्हतं.