बाहेरची झडप

"चूल पेटवण्याआधी बाहेर जायचं आणि चुलीच्या पंख्याची झडप हलतेय का ते बोटाने बघायचं. दर वेळी." आम्ही हा राहायचा ट्रेलर घेतला त्या दिवशी माझ्या सासूबाई, अर्डेल, असं म्हणाल्या होत्या. मी "हो हो" म्हणत बाळाच्या बाटल्या कपाटात लावत राहिले. अर्डेलच्या सूचनांना तोटा नसतो. ओल्या केसांनी झोपू नकोस, गाडीत मेणबत्ती ठेव, बाळाला वाऱ्याकडे तोंड करून धरू नकोस. त्यातलीच ही एक. मी स्वतःच इतक्या गोष्टींची धास्ती घेऊन फिरते की दुसऱ्याची धास्ती ठेवायला माझ्याकडे जागाच उरत नाही.

ट्रेलर घेतला तो हंगामासाठी. माझा नवरा कॉर्बिन बीटच्या साखर कारखान्यात बॉयलरवर आहे. इथे अमेरिकेच्या उत्तरेला, रेड रिव्हरच्या खोऱ्यात बीटचे ढीग गोठून डोंगरासारखे पडलेले असतात, ते संपेपर्यंत कारखाना थांबत नाही, आणि आमच्यासारखी हंगामी माणसं मागच्या मैदानात ओळीने ट्रेलर लावून राहतात. कडाक्याची थंडी पडायच्या आधी एका रविवारी सगळी ओळ मिळून ट्रेलर 'बांधते'. खाली चहूबाजूंनी गवताचे गठ्ठे लावायचे आणि जिथून म्हणून वारा शिरेल तिथे चंदेरी टेप मारायची. स्वतःच्या ट्रेलरला हात लावायचा नाही, शेजाऱ्याचा बांधायचा, अशी इथली रीत आहे. मग सगळ्यांनी मिळून राजमा-खिम्याची चिली आणि दालचिनीचे रोल खायचे. आमचा ट्रेलर शेजारच्या ऑरिनने बांधला, ऑरिनचा कॉर्बिनने.

जानेवारीत आमच्या चुलीवरचा पंखा आधी कण्हायला लागला आणि मग जळलाच. सूप उकळताना कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूचा अलार्म किंचाळला. मी बाळाला, हेटीला, उचलून बाहेर पळाले आणि पायात नुसते मोजे आहेत हे मला बर्फात उभी राहिल्यावर कळलं. कॉर्बिनने नवा पंखा आणि बाहेरचं नवं झाकण मागवलं. जुनं झाकण ट्रेलर घेतला तेव्हाच उन्हाने तडकलेलं होतं. पण सामान आलं त्या दिवशी त्याला दुहेरी पाळी लागली आणि रेडिओवर संध्याकाळी वादळ येणार म्हणून सांगत होते. वादळात दार-खिडकी उघडता येत नाही, आणि पंखा नसताना मी चूल पेटवणार नव्हते. मी ठरवलं, आपणच बसवायचा.

सकाळी ऑरिन ड्रिल घेऊन आला. ऑरिन म्हणजे सत्तरी ओलांडलेला, बायको गेल्यापासून दर हंगामाला एकटाच येणारा, सगळ्या ओळीला नावं ठेवणारा आणि सगळ्या ओळीची कामं करणारा म्हातारा.

"घ्या प्रोफेसरबाई." मी कॉलेजात जीवशास्त्र शिकले हे कळल्यापासून तो मला हेच म्हणतो. "भिंतीला पाडायचं तेवढंच भोक पाडा. कॉर्बिनला घर परत पाहिजे असेल."

"तुम्ही आत तरी या. चेहरा बघा कसा झालाय."

"सर्दी आहे गं. सकाळी उठलो की डोक्यात हातोडे. पोटात ढवळतं. काल तर खाल्लेलं राहिलंच नाही." त्याने हेटीच्या नाकाला बोट लावलं. "आणि गंमत बघ, तुझ्याकडे आलो की उतरतं. तुझं तोंड बघून बहुतेक."

"हीटर दुरुस्त झाला का तुमचा?"

"सुटा भाग यायचाय. तोवर ओव्हनचं दार उघडं टाकतो, वर दोन बर्नर. झकास ऊब. माझ्या आजीने अख्खं घर असंच तापवलं."

"ऑरिन, तुमचा अलार्म..."

"तो बोंबल्या? बेकन टाकलं की ओरडायचा. ड्रॉवरमध्ये झोपवलाय." आणि तो हात हलवत गेला. पायरी उतरताना जरा चुकला, हसला, गेला.

मला ते खटकलं. पण मला दिवसभरात इतकं काही खटकत असतं की खरं कुठलं हे ओळखायची सवय मोडली आहे. नंतर त्याला सांगू, आधी पंखा बसवू, असं म्हणून मी हेटीला मागच्या खोलीत झोपवलं, विजेचा छोटा हीटर लावला, दार लोटलं.

आतलं काम सोपं होतं. बॅटरीचं बटण बंद केलं, चुलीवरच्या पंख्याच्या आवरणाचे स्क्रू काढले, दोन वायरी सोडवल्या, आणि जळका पंखा तेलकट वास घेऊन माझ्या हातात आला. त्याच्यामागे भिंतीत चौकोनी अंधार होता. खरं तर तिथून उजेड यायला हवा होता. नीट उघडी झडप असती तर चारही कडांनी उजेड आला असता. मी बोट घालून ढकललं. हललं नाही.

मी कोट चढवला, झाकणामागे लावायची चिकट काळी पट्टी गारठून कडक होऊ नये म्हणून पोटाशी खोचली, आणि बाहेर गेले. झाकणावर चंदेरी टेप होती. एकावर एक, कोपरे नीट दुमडलेले, नाताळच्या भेटीसारखी. वाऱ्यात झडप खडखडते आणि तिथून थंडी येते, म्हणून ऑरिनने मन लावून ती बंद केली होती. शरदापासून माझा पंखा भिंतीवर डोकं आपटत होता.

मला आधी राग आला, मग हसू. टेपचं टोक नखाने धरून ओढलं, तर ती किरकिरत लांब पट्ट्यात निघाली. खालचं प्लास्टिक हातातच फुटलं. कडेला लावलेलं जुनं सिलिकॉन केस वाळवायच्या मशीनने गरम करून खरवडलं. भोक मोकळं झालं आणि वारा थेट माझ्या चुलीवर शिरला. उत्तरेकडे आभाळ शिशाच्या रंगाचं झालं होतं. आता घाई करायला हवी होती. नव्या झाकणाच्या मागे पट्टी चिकटवताना माझी बोटं चालेनात, म्हणून ती काखेत धरली आणि असंच मान वळवून ओळीकडे बघितलं.

सगळे ट्रेलर चमकत होते. जिथे बघावं तिथे चंदेरी चौकोन.

आणि ऑरिनच्या खिडक्या. बाकीच्यांच्या काचांवर कडेला बर्फाची नक्षी होती. त्याच्या काचा आतून वाहत होत्या. गॅस जळतो तेव्हा पाणी सुटतं, हे मला परीक्षेपुरतं माहीत होतं. तेवढं पाणी सुटायला सकाळपासून किती गॅस जळला असेल आणि तो सगळा धूर कुठे गेला असेल? त्याच्या चुलीमागचं झाकण मला इथूनच दिसत होतं. कॉर्बिनने मारलेली टेप होती, ऑरिनच्या इतकी नेटकी नव्हती, पण दुप्पट जाड.

तुझ्याकडे आलो की उतरतं, म्हणाला होता तो, म्हणजे बाहेर आलो की. तुझं तोंड बघून.

झाकण गवताच्या गठ्ठ्यावर टाकलं आणि मी आत धावले. भिंतीला भोक उघडं टाकून, हेटीला तिच्या जाड पोशाखात कोंबून, कोटाच्या आत छातीला बांधलं. ती झोपेतून उठवल्याबद्दल रडत होती. रडू दे. रडतेय म्हणजे श्वास आहे.

ऑरिनचं दार मी मुठीने बडवलं. काही नाही. कडी लावलेली नव्हती. ओढलं तर उघडलं आणि गरम, ओली, गुदमरलेली हवा तोंडावर आली. मी पायरीवरून मागे झाले. ओव्हनचं दार उघडं होतं, वर दोन बर्नर, आणि ज्वाळा निळ्या नव्हत्या, पिवळ्या होत्या. ऑरिन टोपी घालून टेबलाशी बसला होता, हनुवटी छातीवर.

"ऑरिन! बाहेर या!"

त्याने मान उचलली. "दार लाव गं. ऊब चाललीय."

"गॅसचा धूर साठलाय आत. उठा. आत्ता."

"सर्दी आहे." प्रत्येक शब्द तो जड सामान उचलावं तसा उचलत होता. "जरा पडतो. मग येतो तुझं... तुझं ते भोक बघायला."

"पडायचं नाही! उठा म्हणते ना!"

"रागावली," तो कोणाला तरी म्हणाला, आणि हसला. तिथे कोणी नव्हतं. मान परत खाली गेली.

दार आणि टेबल यांत चार पावलांचंही अंतर नव्हतं. पण माझ्या छातीला हेटी बांधलेली होती. तिचं नाक माझ्या गळ्याशी गरम लागत होतं. ती हवा तिला किती वेळ चालेल? एक श्वास? दहा? मला माहीत नव्हतं, आणि माहीत नसताना मी आत पाऊल टाकणार नव्हते. तिला सोडून खाली कुठे ठेवू? बर्फात? उत्तरेचा वारा आता ट्रेलरच्या कडांवर शिट्ट्या घालत होता. ओळीत दुसरं कोणी नव्हतं, सगळे पाळीवर. मी ९११ ला, तातडीच्या मदतीला, फोन लावला, जागा सांगितली. तिकडची बाई म्हणाली निघालेत, रस्ता उडत्या बर्फाने दिसत नाहीये, वेळ लागेल, आत जाऊ नका.

"मग मी काय करू?"

"गॅस बाहेरून बंद करता येईल?"

सिलेंडर! ट्रेलरच्या पुढच्या टोकाला, बाहेर, झाकणाखाली. मी धावत गेले, झाकण उपटलं आणि दोन्ही टाक्यांच्या चाव्या फिरवायला घेतल्या. एक गोठली होती. हातमोजा काढून, मग दातांनी ओढून तो परत घालून, मग स्क्रू ड्रायव्हरची मूठ अडकवून फिरवली. मागे जाऊन त्याच्या चुलीमागच्या टेपला खिशातली खरवडणी लावली. कॉर्बिनची टेप. ती निघता निघेना. मी तिला, कॉर्बिनला, रविवारच्या चिलीला, सगळ्यांना शिव्या घातल्या. हेटी माझ्या आवाजाने गप्प झाली होती. एक पट्टा फाटला, मग दुसरा, आणि झडप टक्कन उघडली. आतली हवा तोंडावर येऊ नये म्हणून मी बाजूला वळले. परत दाराशी जाऊन ते सताड उघडलं आणि गवताचा गठ्ठा लोटून अडकवलं. वारा आत शिरला. पडदे उडाले. बर्नर विझले होते.

"ऑरिन!"

मी हेटीच्या टोपीवर हात ठेवून उभी होते आणि त्याच्या टोपीकडे बघत होते. हलते का. हलते का.

मग थंडीने त्याला चावा घेतला असावा. तो हलला. चुलीकडे बघितलं. "माझा गॅस कोणी घालवला?"

"मी."

"तू?"

"सिलेंडर बंद केलाय. आणि परत लावणार नाही. काय करायचं ते करा."

"अगं कारटे..." त्याने टेबल धरलं. "म्हाताऱ्याला गोठवून मारायला निघालीस? प्रोफेसर झाली म्हणून?"

"हो. या बाहेर आणि लावा तुम्हीच."

"येतो ना! दाखवतो तुला!"

तो उठला. दोनदा बसला आणि परत उठला. मी दारात तशीच उभी राहून त्याला डिवचत होते, जे तोंडाला येईल ते. अर्डेलने ऐकलं असतं तर त्यांनी माझं तोंड साबणाने धुतलं असतं. पावलागणिक तो मला नावं ठेवत होता आणि प्रत्येक नावागणिक मला वाटत होतं, अजून बोल, अजून बोल. पायरीवर त्याचा पाय सरकला; मी एका हाताने त्याचा कोट धरला, दुसऱ्याने हेटीला. आम्ही तिघंही गवताच्या गठ्ठ्यावर आपटलो. तो बर्फात ओकला. मग कितीतरी वेळ नुसते श्वास घेत राहिला आणि मी ते मोजले नाहीत, फक्त ऐकले.

"डोकं उतरतंय," शेवटी तो म्हणाला.

"माझं तोंड बघून."

"गप गं," म्हणाला, आणि रडायला लागला.

रुग्णवाहिका पांढऱ्या धुरळ्यातून आली. नाकाला नळी लावून त्याला नेताना त्याने डोळे उघडून विचारलं, "झाकण बसवलंस का?"

बसवलं. वादळाचा पहिला मोठा झोत आला तेव्हा मी शेवटचा स्क्रू पिळत होते आणि हेटी रुग्णवाहिकेमागून आलेल्या कारखान्याच्या रखवालदाराच्या कडेवर होती. मग मी आणि रखवालदाराने ओळभर हिंडून प्रत्येक चुलीमागची टेप काढली. कॉर्बिन पाळीवरून आला, त्याने ऑरिनच्या ट्रेलरला लोंबणारा टेपचा तुकडा बघितला, तो ओढून काढला आणि चुरगळून खिशात घातला.  

रात्री अर्डेलला फोन केला. त्यांनी विचारलं, "झडप बघतेस ना?" मी म्हटलं, "दर वेळी."

ऑरिन आठवड्याने परत येतोय. हीटरचा सुटा भाग आला आहे, अलार्म मी त्याच्या पलंगाशेजारी भिंतीला ठोकला आहे, बेकन भाजताना तो कितीही बोंबलो. पण मला झोप येत नाही. ओळीच्या पलीकडेही ट्रेलर आहेत, गावातली जुनी घरं आहेत, आणि सगळीकडे सकाळी डोकं दुखणारी, बाहेर आली की बरं वाटणारी माणसं आहेत. म्हणून तुम्हाला सांगते. तुमच्या शेजारी कोणी एकटं राहत असेल, खिडक्या आतून वाहत असतील, आणि "काही नाही, सर्दी आहे" असं म्हणत असेल, तर दारातून परत फिरू नका. त्याला कसंही करून बाहेर काढा. भांडण काढलं तरी चालेल. आणि तो गवताच्या गठ्ठ्यावर, पायरीवर, कुठेही बसला की विचारा, डोकं उतरतंय का. आज विचारा.