डावीकडची बाल्कनी

बोटीचा भोंगा वाजला तसा मोजणीसाहेबांनी बाल्कनीचा पडदा ओढला आणि फटीला डोळा लावला. नदीतून फेरीला निघालेले पाहुणे आजही त्यांच्याच घराकडे बघून हात हलवत होते. घराला ना कळस, ना घुमट. गळकी पन्हळ तेवढी ऐतिहासिक होती.

मोजणी खात्यात असताना साहेबांनी उभं शहर फुटाफुटाने मोजलं होतं, त्यामुळे ते पाहायची कधी गरज पडली नव्हती. बोटीच्या वेळी बाल्कनी बायकोकडे असायची. ती "ताईकडे जाऊन येते" म्हणून गेली, त्याला पंधरवडा उलटला. भांडण नाही, आदळआपट नाही. कधी येतेस विचारलं की फोनवर "बघू" एवढंच. आपलं चुकलं तरी काय, याचा थांग लागेना. त्यात हे हात! शेवटी दुसऱ्या दिवशी त्यांनी टोपी कपाळावर ओढली, तिकीट काढलं आणि बोटीत डाव्या बाजूला जाऊन बसले.

बोटवाल्याने जुना पूल दाखवला. घड्याळाचा मनोरा दाखवला. "यातली वेळ नुसती बघायची, पाळायची नाही," असंही बजावलं. मग बोट मंदावली.

"आता डावीकडे ती बाल्कनी. तिथल्या काकू रोज आपल्या बोटीला हात करतात. त्यांना उलट हात केला की पाहुणा पुन्हा इथे येतो."

"नाही केला तर?" कुणीतरी विचारलं.

"तरी येतो. पण मग मी ओळख देत नाही."

"अहो, पण तिथे कुणीच नाही!" एक बाई म्हणाल्या.

"बहिणीकडे गेल्यात. तुम्ही करा, सवय मोडायला नको."

साहेबांनी घसा खाकरला. "नवऱ्याशी काही बिनसलं का हो त्यांचं?"

"छे! जायच्या आदल्या दिवशी काकू इथेच बसल्या होत्या. म्हणाल्या, आपलं घर इकडून कसं दिसतं ते बघू दे एकदा. काका बाल्कनीत पेपर वाचत होते. काकूंनी हात केला. मग अख्ख्या बोटीने केला. पोरांनी तर 'ओ काका' म्हणून हाकासुद्धा मारल्या."

"मग?"

"मग काय, काकांनी वर बघितलं. आणि पडदा ओढून घेतला."

बोटीत हशा पिकला. साहेबही हसायला लागले, पण ते हसू मध्येच कुठेतरी राहून गेलं. सगळ्यांचे हात खाली आले तेव्हा त्यांचा वर गेला.

धक्क्यावर उतरल्या उतरल्या त्यांनी फोन लावला.

"अगं, आज बोटीत बसलो होतो."

"कोण, तुम्ही?"

"मीच."

"कुठल्या बाजूला?"

"डाव्या."

"पडदा उघडा ठेवा," ती म्हणाली. फोन मात्र तिने ठेवला नाही.