पुढची सीट

मोजमापापुढे कोणाची भीडभाड चालत नाही, हे वाक्य भाईदास सरांनी आयटीआयमध्ये फिटरच्या पोरांना चौतीस वर्षं ऐकवलं होतं. त्या सकाळी ते देवपुरातल्या आपल्या घरात खिडकीशी बसून कणकेच्या एका मुलाचं ढुंगण व्हर्निअरने मोजत होते.

मुलगा सहा इंचांचा होता. नऊ वर्षांचं पोर चार फुटांचं धरलं, तर एकास आठच्या प्रमाणात ते सहा इंच भरतं. उंची बरोबर आली होती, पण बैठकीकडे मुलगा जरा सुखवस्तू झाला होता. सरांनी ब्लेडने एक पापुद्रा काढला.

"आबा लहानपणी एवढे गुबगुबीत नसतील हो," रत्नाबाई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या. "आणि उरलेली कणीक इकडे द्या. का मला अजून एक सासरा करताय?"

"एकच पुरे," सर म्हणाले.

खरा सासरा पलीकडे आरामखुर्चीत होता. लोटन आबा, वय अठ्ठ्याऐंशी, झोप आणि जाग यांच्या मधल्या बांधावर बसलेले.

समोर दोन टेबलं जोडून विमान उभं होतं. टायगर मॉथ. एकावर एक दोन पंख, मागेपुढे दोन सीटा, इंग्रजांच्या काळातलं. सरांनी इंटरनेटवरून नकाशा काढला, झेरॉक्सच्या दुकानात सोळा कागदांवर छापून घेतला आणि ते कागद जोडून चौदा महिने हेच काम केलं. पंखांच्या फासळ्या बांबूच्या. मधल्या तारांना मासे धरायची तंगूस. वर मलमल ताणून तिला साबुदाण्याची खळ. खळ वाळली तशी मलमल ढोलासारखी ताठ झाली. सकाळचं ऊन त्या पंखांतून आरपार येऊन भिंतीवर फासळ्यांची सावली पडायला लागली, तेव्हापासून घरात सगळे हळू बोलू लागले. दूधवालासुद्धा. खिडकीतून वारा आला की विमान जागच्या जागी किंचित श्वास घेई आणि सोडी.

दुपारी सर त्याच्या शेजारी चटईवर लवंडत. डोळा लागला की पांझरा नदी खालून जाताना दिसे, लहान पूल, मोठा पूल, आणि गच्चीवर पापड वाळत घालणाऱ्या रत्नाबाई, एकास आठ मापाच्या. आवाज मात्र पूर्ण मापाचा येई, आणि सर जागे होत.

हा छंद नव्हता. छंदांना सरांचा तत्त्वतः विरोध होता.

शेहेचाळीस सालच्या थंडीत पाचोऱ्याजवळच्या त्यांच्या गावी असंच एक विमान पेट्रोल संपून पडीक वावरात उतरलं होतं. ते उतरलं याबद्दल गावात दुमत नव्हतं. वाद एवढाच, की नऊ वर्षांचा लोटन त्यात बसला होता की नाही. लोटनचं म्हणणं, राखणीचे शिपाई भाकरी खायला निंबाखाली गेले, तेवढ्यात वैमानिक साहेबाने हाताने खूण केली आणि मी पुढच्या सीटवर बसलो. गावाचं म्हणणं, हट्. तेव्हापासून लोटन रस्त्याने निघाला की पोरं तोंडाने घुर्र करत. पोरं मोठी झाली, त्यांची पोरं करू लागली. सरांच्या लग्नात कुणीतरी मांडवात 'हा विमानवाल्याचा मुलगा' म्हणून ओळख करून दिली. मांडव हसला. नवरदेवही हसला. आबांनी ते पाहिलं आणि पंगतीत जिलेबी वाढत पुढे गेले.

गोष्टीचा एक तुकडा मात्र आबा फक्त घरात सांगत. सीटवरून खाली पाहिलं, तर विहिरीपाशी माय उभी होती, डोळ्यांवर आडवा हात धरून, लोटनला शोधत. पुढच्या उन्हाळ्यात पटकीच्या साथीत ती गेली. फोटो नव्हता. मायचा चेहरा म्हणून आबांजवळ जे काही होतं ते त्या सीटवरून पाहिलेलं, तेवढंच.

गेल्याच्या गेल्या वर्षी, दिवाळीनंतरच्या एका संध्याकाळी, चहा बशीत ओतता ओतता आबा थांबले होते.

"भाईदास, मी खरंच बठेल व्हतू का रे त्या इमानमा?"

 दुसऱ्या दिवशी सर झेरॉक्सच्या दुकानात गेले.

आता त्यांनी कणकेचा मुलगा उचलला आणि पुढच्या सीटवर हलकेच बसवला. गुडघे मावले. खांदे मावले. इथवर आबा खरे ठरले. मग त्यांनी मुलाच्या डोळ्याच्या जागी टाचणी टोचली, तिला दोरा बांधला आणि विमानाच्या कडेवरून खाली ताणला. आबांच्या सांगण्यानुसार विहीर जिथे असायला हवी, तिथे एक वाटी ठेवलेली होती.

दोरा कडेला अडला.

डोळे कडेच्या अर्धा इंच खाली होते. म्हणजे खऱ्या विमानात चार इंच. जमिनीवर उभ्या विमानाचं शेपूट खाली असतं, नाक वर. त्या सीटवरच्या पोराला आभाळ दिसलं असतं, वरच्या पंखाचं पोट दिसलं असतं. विहीर नाही. विहिरीपाशी कुणी उभं असेल, तर तेही नाही.

सरांनी तीनदा ताणून पाहिलं. चष्मा पुसून चौथ्यांदा.

"काय निंघनं?" आबांनी विचारलं. ते जागे होते. बहुधा पहिल्या मापापासून.

सरांच्या अंगठ्याखाली कणकेचा एक उरलेला गोळा होता. अर्ध्या इंचाचा दाबून मुलाखाली सरकवला असता, तर काम भागलं असतं. कुणाला कळलंही नसतं. चौतीस वर्षांत त्यांनी एकाही पोराला माप भरावं म्हणून परीक्षेच्या जॉबखाली पत्र्याचा तुकडा सरकवू दिला नव्हता. त्यांनी गोळा दाबला, परत गोल केला, पुन्हा दाबला आणि शेवटी टेबलाच्या कडेला ठेवून दिला.

"आबा, बसता येतं," ते म्हणाले. "पण तिथून खालचं काही दिसत नाही. चार इंच कमी पडताहेत."

आबांनी भिंतीवरच्या पंखांच्या सावलीकडे पाहिलं. वारा आला. सावलीने श्वास घेतला.

"तू नुसता सीटवर बसाडा का त्याले?"

"मग कशावर बसवू?"

"सीट खोल व्हती रे. मी हारुनन्या मांडीवर बठेल व्हतू."

स्वयंपाकघरातला लाटण्याचा आवाज थांबला.

"कोण हारुन?" सरांनी विचारलं.

"नालबंदना पोऱ्या. मन्हापेक्षा चार वरीस मोठा. सायेबले पानी त्यानीच आनी दिधं. म्हनीसन सायेबनी त्यालेच बसाडं. त्यानी माले वर वढी लिधं."

म्हणजे सीट मुळात हारुनची होती. इतक्या वर्षांत, इतक्या वेळा सांगितलेल्या गोष्टीत, या हारुनचं नखही कधी दिसलं नव्हतं.

"आबा, मग हा हारुन इतकी वर्षं होता कुठे?"

आबांना प्रश्नच जरा अडाणीपणाचा वाटला.

"सांगताना तो मधमा येस. गोष्टमा दोन जण मावतस नही."

रत्नाबाई परातीतून कणकेचा मोठा गोळा घेऊन बाहेर आल्या आणि त्यांनी तो सरांच्या पुढ्यात ठेवला.

"घ्या. करा दुसरा सासरा."

दुसरा मुलगा तेरा वर्षांचा झाला. पहिल्याला सरांनी त्याच्या मांडीवर बसवलं, टाचणी सारखी केली आणि दोरा ताणला. दोरा कडेला न शिवता थेट वाटीत गेला.

रत्नाबाईंनी पदर तोंडाला लावला. सरांनी मात्र मान हलवली.

"हे दिसू शकत होतं, एवढंच झालं. बसलेच होते, याला साक्षीदार पाहिजे." मग त्यांनी आवाज खाली आणून विचारलं, "आबा, हारुनचाचा आहेत का अजून?"

"शे ना. पाचोऱ्याले, नातूजोडे. दर ईदले फोन करस मी त्याले."

सरांनी व्हर्निअर खाली ठेवलं.

"दर ईदला? आणि या गोष्टीबद्दल कधी विचारलं नाही त्यांना?"

"त्याले काय इचारानं?" आबा म्हणाले. "तो तठेच व्हता ना."

दुसऱ्या दिवशी शेजारच्या नवीनने आपला छोटा हत्ती टेम्पो काढला. आबा पुढे बसले. मागे गादी अंथरून सर बसले आणि त्यांनी विमान दोन्ही हातांत धरलं, पंख फळीच्या वर येतील असं. साक्षीदाराला वस्तू दाखवल्याशिवाय साक्ष घ्यायची नसते, असं त्यांचं मत होतं. चाळीसगावपर्यंत लोक बघत होते. चाळीसगाव सोडलं आणि रस्ता मोकळा झाला. दोन्ही बाजूंना वेचणीला आलेला कापूस, मधूनच केळीची हिरवी भिंत. नवीनने वेग घेतला तसा पुढचा पंखा हलला, थांबला, मग गरागरा फिरू लागला. चौदा महिन्यांत पहिल्यांदाच. तारा अगदी बारीक आवाजात गुणगुणू लागल्या. शेपूट सरांच्या हातातून आपसूक वर उचललं गेलं आणि तळव्यांना कळलं, याला जायचंय. दोन बोटं सैल सोडली असती, तर ते गेलं असतं, कापसावरून, केळींवरून, शांतपणे. सरांनी बोटं सोडली नाहीत, पण त्यांचे डोळे मिटले होते. पाचोऱ्याच्या गतिरोधकाने ते उघडले.

हारुनचाचांच्या नातसुनेने, सादियाने, दार पूर्ण उघडलं, तरी विमान आडवं करूनच आत न्यावं लागलं. चाचा खाटेवर उशीला टेकून बसले होते. त्यांनी आधी आबांकडे पाहिलं, मग विमानाकडे.

"लहान व्हई गयं रे," ते म्हणाले.

"तू बी व्हई गया," आबा म्हणाले आणि खाटेच्या कडेवर बसले.

सादियाने चहा आणला. सरांनी कपाला हात लावला नाही. तोंडी परीक्षा घेताना बसत तसे ते स्टुलावर ताठ बसले.

"हारुनचाचा, शेहेचाळीस साली गावात विमान उतरलं, तेव्हा तुम्ही त्यात बसला होतात?"

"बठेल व्हतू."

"पुढच्या सीटवर?"

"हाव."

"आणि आबा?"

"मन्ह्या मांडीवर. निस्ती हाडं. आज बी मांडी दुखस."

आबा खिडकीबाहेर बघत होते. पण त्यांची मान हळूहळू ताठ झाली आणि एक हात विमानाच्या पंखावर जाऊन टेकला, कुणाच्या खांद्यावर टेकावा तसा.  

"आबा, मी..." सर म्हणाले. "लग्नात मी..."

"जिलेबी चांगली व्हती," आबा म्हणाले.

सरांनी चष्मा काढला, पुसला, घातला आणि पुन्हा चाचांकडे वळले.

"मग चाचा, तुम्ही गावात एकदा तरी सांगायचं होतं. लोक जन्मभर हसले यांना. तुमचा एक शब्द पुरला असता."

चाचांना खरोखरच नवल वाटलं.

"मी काय सांगतू? लोक इचारतीन, इमानमातून काय दखायनं. मी काय सांगू?"

"जे दिसलं ते. बसला होतात ना? काय दिसलं तुम्हाला?"

हारुनचाचांनी विमानाकडे पाहिलं, आबांकडे पाहिलं. डोळे बारीक करून, काही सुटू नये म्हणून, त्यांनी बराच वेळ आठवलं.

"लोटननी पाठ," ते म्हणाले. "दुसरं काहीच नही."