प्लास्टरची ऊब

“अहो, हे तापतंय! पाणी तर गार होतं ना?” बाई हात मागे ओढू लागल्या.

“हलवू नका. औषध काम करतंय,” मामा म्हणाला. एकतीस वर्षं तो प्रत्येकाला हेच सांगत आला होता. प्लास्टर घालावं ते त्यानंच, असं अख्खं हॉस्पिटल म्हणे. धाकटेही त्याला मामा म्हणत आणि थोरलेही.

“यात कुठलं आलंय औषध!” बाई फणकारल्या. जिन्यावरून घसरून मनगट मोडलं होतं, तरी आवाजातला वर्ग सुटला नव्हता. शाळेत रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या, घरी एकट्या. “हा भट्टीत भाजलेला दगड. भाजताना यानं उष्णता घेतली, पाणी सोडलं. आता पाणी परत मिळालं, म्हणून ती उष्णता बाहेर पडतेय.”

मनगटाला आकार देणारे मामाचे तळवे जागच्या जागी थबकले.

“म्हणजे ही ऊब भट्टीतली?”

“तिथलीच म्हणा.”

मामाच्या डोळ्यांपुढून एकतीस वर्षं सरकली. किती हात, किती पाय! आणि प्रत्येक वेळी आपण भट्टी ओंजळीत धरून बसलो होतो, आपल्याला पत्ताच नाही.

पलीकडच्या खाटेवर घोटा मुरगळलेली एक खेळाडू पोरगी बसली होती. सिस्टरनं मघाशी एक पिशवी दाबून आतली पाण्याची पुडी फोडली होती. पिशवीतले रसायनाचे दाणे त्यात विरघळले आणि पिशवी गारठली. ती आता पोरीच्या घोट्यावर होती.

“मग त्यात थंडी कुठून आली?” मामानं विचारलं.

“थंडी येत नसते. उष्णता जाते. ते दाणे विरघळताना पाण्यातली उष्णता घेतात, आणि गार पाणी हिच्या पायातली.”

पोरगी स्वतःच्या घोट्याकडे नव्यानं बघू लागली.

“आता सांगा,” बाई म्हणाल्या, “पाण्याचा बर्फ होताना उष्णता घेतली जाते की दिली जाते?”

“घेतली. गार असतो की तो.”

“चूक.”

मामा ओशाळला. मग हळूच म्हणाला, “थांबा. भाजताना घेतली ती भिजल्यावर दिली. तसा बर्फ वितळताना घेतो, तर गोठताना...” त्याचे डोळे विस्फारले. “बाई, बर्फसुद्धा देतो?”

“गोठताना देतो.”

“अरे देवा!”

बाई हसल्या नाहीत. “उष्मादायी, उष्माग्राही. छत्तीस वर्षं हे दोन शब्द फळ्यावर लिहिले. खाली उदाहरणं. त्यात प्लास्टर असायचंच. हाताला मात्र आज लागलं.”

प्लास्टर घट्ट झालं. एरवी मामा त्यावर टिचकी मारून पुढच्याला हाक द्यायचा. आज त्याचे तळवे तिथंच राहिले. ऊब हळूहळू ओसरत होती.

दारातून सिस्टरनं विचारलं, “मामा, पुढचा पाठवू?”

“दोन मिनिटं थांबा,” बाईच म्हणाल्या.